मधला दगड

प्रिय कॅप्टन,

हा तिसरा कागद. पहिल्यावर तुला ‘तुम्ही’ लिहिलं, तर ते नळजोडणीच्या अर्जासारखं दिसायला लागलं. दुसऱ्यावर ‘तू’ लिहिलं आणि सत्तराव्या वर्षी कान गरम झाले. ज्या माणसाशी एक्केचाळीस वर्षं एक शब्द बोललो नाही त्याला काय म्हणायचं, हे शाळेच्या कुठल्या पुस्तकात नव्हतं. असतं तर माझं पाठ असतं. शेवटी आपल्या शिबिरातली रीत आठवली. मुलांच्या देखत तू मला ‘सर’ म्हणायचीस, मी तुला ‘कॅप्टन’ म्हणायचो, आणि मुलं पांगली की आपण दोघंही ‘तू’वर यायचो. तर आत्ता मुलं पांगली आहेत असं समज.

मी तोच, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढणारा आणि रविवारी खाकी चड्डी घालून स्काउटांचं पथक चालवणारा. मुलं मला कवीसर म्हणायची. ती पदवी होती की टवाळी, हे मी कधी विचारलं नाही. तंबूची दोरी ताणताना, बटाटे सोलताना, रांगेत मुलं मोजताना मला तिसरी-चौथीच्या कविता म्हणायची खोड होती आणि ती अजून आहे. फरक इतकाच की हल्ली मधलं एखादं कडवं गळतं आणि मी ते गाळून तसाच पुढे जातो. मुलगी वरच्या मजल्यावर राहते. ती खिडकीतून ओरडते, बाबा, कडवं गेलं. म्हणजे तिचं लक्ष असतं. गुडघे कुरकुरतात, साखर बरी आहे, आणि गेल्या महिन्यात एक दाढ गेली. त्या दाढेमुळेच हे पत्र लिहितोय, पण ते नीट क्रमाने सांगावं लागेल. नाहीतर माझ्या डोक्यात जसा गुंता झालाय तसाच तुझ्याही डोक्यात होईल, आणि तुला गुंता आवडत नसे. लहान मुलांच्या दवाखान्यात काम केलेल्या बाईला तो परवडतही नसणार. मला तुला फक्त एक गोष्ट विचारायची आहे. ती विचारावी का, हेच पंधरा दिवस ठरत नाहीये.

आपलं शेवटचं एकत्र शिबिर आठवतं का? माझी चोवीस मुलं, तुझ्या वीस मुली, मध्ये ओढा, आणि दोन्ही बाजूंच्या स्वयंपाकाच्या तंबूंत जळलेल्या पातेल्यांची स्पर्धा. तू प्रथमोपचार शिकवायचीस. माझ्या दांडग्या पोरांना तू एकमेकांच्या डोक्याला पट्ट्या बांधायला लावल्यास आणि दिवसभर तसंच फिरवलंस. जेवणाच्या रांगेत युद्धातून परतलेलं पथक उभं आहे असं वाटत होतं. मी शिकवायचो माग. दगडांचा बाण म्हणजे इकडे जा. आडव्या काटक्यांची फुली म्हणजे इकडे नको. आणि दगडांचं वर्तुळ, मधोमध एक दगड, म्हणजे खेळ संपला, मी घरी गेलो. ही शेवटची खूण दिसली की मागे वळायचं, पुढे कुणी नसतं. आणि सगळ्यांत मोठा नियम, जो मी रोज सकाळी घसा कोरडा होईस्तोवर सांगायचो, तो म्हणजे खेळ झाल्यावर आपल्या खुणा आपण पुसायच्या. पुसल्या नाहीत तर उद्या येणारा चुकेल. तू पलीकडच्या काठावरून हसायचीस. म्हणायचीस, तुझं हे वाक्य आता माझ्या मुली झोपेत बोलतात.

त्या मुलींतली एक होती सुतारपक्षी तुकडीची नायिका, बारा वर्षांची, टोकदार नाकाची. तिला आपण ठिणगी म्हणायचो. तिच्याशी वाद घालताना तुझीसुद्धा दमछाक व्हायची. तिला विसरू नकोस, ती पुढे येणार आहे.

मोठ्यांचीही एक रीत होती. शेवटच्या दिवशी चहानंतर मुलं शेकोटीच्या नाटुकल्यांची तालीम करत, तेव्हा आपल्याला तासभर मोकळा मिळे. त्या तासात एकाने दुसऱ्यासाठी माग लावायचा. माग संपतो तिथे बिस्किटांचा पुडा. आधीच्या वर्षी तू माझ्यासाठी लावला होतास आणि शेवटी पुड्यात एकच बिस्कीट उरलं होतं. तुझं म्हणणं, उशीर करून वाट पाहायला तूच लावलंस ना. त्या वर्षी पाळी माझी होती. दुपारी ताटं धुताना मी तुला सांगितलं की संध्याकाळी ध्वजापासून माग आहे, पण या वेळी बिस्किटं नाहीत. तू विचारलंस, मग काय आहे? मी म्हटलं, शेवटाला पोच, कळेल. तू ताट पुसलंस, पुन्हा पुसलंस, आणि जे म्हणालीस ते मला अक्षरशः पाठ आहे, कवितेपेक्षा पक्कं. “विचारायचं ते सरळ विचारशील ना? कविता नको.”

मी हो म्हटलं, कॅप्टन. पण स्वभाव जातो कुठे. दुपारच्या विश्रांतीत, सगळं शिबिर पेंगत असताना मी माग लावला. ध्वजापासून ओढ्याच्या काठाने, वळणावरच्या मोठ्या झाडापर्यंत, आणि तिथून वर, त्या सपाट खडकापर्यंत. सात बाण. आणि प्रत्येक बाणाच्या टोकाच्या दगडाखाली एकेक चिठ्ठी, चिठ्ठीवर एकेक ओळ, माझी स्वतःची. आठवी ओळ कागदावर नव्हती. ती मी खडकावर उभा राहून तोंडाने सांगणार होतो आणि ती कविता नव्हती, सरळ प्रश्न होता. म्हणजे तुझी अट मी एक अष्टमांश पाळणार होतो.

चहा झाला. मी धुतलेला सदरा घातला, स्वयंपाकाच्या तंबूमागून जवळची चढण आहे तिकडून खडकावर गेलो आणि बसलो. खाली झाडी, त्यामुळे वाट दिसत नव्हती, ओढा नुसता ऐकू येत होता. ऊन खडकाच्या या टोकावर होतं ते त्या टोकाला गेलं. मी आठवी ओळ किती वेळा म्हणून पाहिली ते सांगत नाही. मग ती मला परक्या भाषेतल्यासारखी वाटायला लागली. शेवटी शेकोटीसाठी तुझी शिटी वाजली, दोन लांब, एक आखूड, आणि मला कळलं की तू खालीच आहेस.

शेकोटीला तू सगळ्यांत मोठ्याने गायलीस. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. मी मुलांच्या मागे बसलो होतो. धुराने डोळे चुरचुरत होते आणि मी ते धुरावरच ढकललं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी माझ्या खुणा पुसायला गेलो. नियम म्हणजे नियम. पहिला बाण, चिठ्ठी नाही. दुसरा, नाही. तिसरा, चौथा, झाडाच्या अलीकडचा पाचवा, चिठ्ठ्या नाहीत. सहावी होती. सातवी होती. दवाने ओल्या, पण जागच्या जागी. तिथे उभा राहून मी जो हिशेब केला तोच आजवर धरून होतो. तू आलीस, पाच ओळी वाचल्यास, आणि पाचवीनंतर मागे वळलीस. पाचवी ओळ होती, ‘तुझ्या शिटीच्या एका हाकेत माझ्या मनाची कवायत होते’. कॅप्टन, चाळीस वर्षं मी या ओळीला दोष दिला. कवायत हा शब्द मी त्यात का घातला? नुसतं ‘मन उभं राहतं’ म्हटलं असतं तर? पुढे घरात, कचेरीत, नळांच्या रेघा ओढताना ही ओळ मधूनच यायची आणि माझा हात थांबायचा. त्यानंतर मी स्वतःची एकही ओळ लिहिली नाही. दुसऱ्यांच्या पाठ म्हणत राहिलो. त्यांच्यामुळे कुणी मागे वळल्याचं ऐकिवात नव्हतं.

तिथंच झाडाच्या पलीकडे वाटेवर आणखी एक गोष्ट दिसली होती. मुलींच्या माग लावण्याच्या स्पर्धेतली खूण, नऊ दगडांचं वर्तुळ, आणि मधे काही नाही. रिकामं वर्तुळ म्हणजे आपल्या खुणांत काहीच नाही, अर्धवट काम. माझं मन आधीच कडू झालेलं. मी गुणांची वही काढली आणि सुतारपक्षी तुकडीचे दोन गुण लाल शाईने कापले. परत आल्यावर ठिणगी भांडायला आली. आम्ही मधला दगड लावला होता, म्हणाली. मी तिला निष्काळजीपणावर एक भाषण दिलं. तू बाजूलाच तंबूच्या खुंट्या मोजत होतीस. तू काही बोलली नाहीस. हेही आत्ता आठवतंय. तेव्हा मी ते पाहिलं आणि नुसतं सोडून दिलं.

निघताना तू डावा हात पुढे केलास, स्काउटांच्या रीतीप्रमाणे, आणि म्हणालीस, “सर, पुढच्या शिबिराला मला धरू नका.” मुलं समोर होती म्हणून ‘सर’ म्हणालीस की आता आपण कायमचे सर झालो म्हणून, ते मला ओळखता आलं नाही. महिन्याभरात कळलं की तू दुसऱ्या गावच्या दवाखान्यात नोकरीला गेलीस.

यापुढचं माझं आयुष्य वाईट गेलं असं तुला वाटू नये, म्हणून सांगतो. दोन वर्षांनी लग्न झालं. ती ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालायची आणि माणसांनाही नीट कव्हर घालून ठेवायची, कुणाचा कोपरा दुमडू द्यायची नाही. मागाच्या खुणा तिला मीच शिकवल्या. स्वयंपाकघरात एक पाटी होती. फडताळाकडे बाण म्हणजे तुझं खाणं तिकडे आहे. फुली म्हणजे आज माझ्या वाटेला जाऊ नको. वर्तुळ आणि मधे ठिपका म्हणजे मी आईकडे गेले, आज तुझं तू बघ. मुलगी अक्षरांच्या आधी ह्या खुणा वाचायला शिकली. त्या दोन ओल्या चिठ्ठ्या माझ्या जुन्या नकाशांच्या पुस्तकात होत्या. बायकोला एकदा त्या सापडल्या. तिने दोन्ही वाचल्या आणि एवढंच विचारलं की पहिल्या पाच कुठे आहेत. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाकडे असतील. तिने त्या होत्या त्याच पानात ठेवल्या, आणि परत कधी तो विषय काढला नाही. सहा वर्षांपूर्वी ती गेली. त्या दिवशी सगळे पांगल्यावर मी पाटीवर वर्तुळ काढलं. मधे ठिपका द्यायला मात्र हात उचलेना. ते वर्तुळ तसंच आहे. मुलगी पाटी पुसत नाही आणि मीही नाही.

आता दाढेचं. आपली ठिणगी दातांची डॉक्टर झाली, हे तुला माहीत असेल किंवा नसेल. त्रेपन्न वर्षांची आहे, पथक आता तीच चालवते, आणि तिच्या खुर्चीत बसलं की बत्तीस वर्षं तंबाखू खाणारासुद्धा खरं बोलतो म्हणतात. माझी दाढ काढून तिने तोंडात कापूस कोंबला, दाबून धरा म्हणाली, आणि मग खणातून एक वही काढून माझ्यासमोर धरली. पथकाची खोली रंगवायला काढली होती, तिथल्या पत्र्याच्या पेटीत सापडलेली. सुतारपक्षी तुकडीची नोंदवही. तिच्याच बारा वर्षांच्या अक्षरातली. ती म्हणाली, “सर, आमचे दोन गुण परत द्या. एक्केचाळीस वर्षं झाली.” मला उत्तर देता येत नव्हतं आणि तिला ते माहीत होतं. मग तिने तो उतारा मोठ्याने वाचला. मी तो नंतर उतरवून आणला आहे, जसाच्या तसा देतो.

‘आमच्या तुकडीने शेवटची खूण मोठ्या झाडाजवळ वाटेवर लावली. नऊ दगड बाहेर, एक पांढरा दगड मध्ये. नंतर खुणा पुसू का असे विचारायला मी सरांकडे गेले. सर आरशात भांग पाडत होते. सर म्हणाले राहू दे, मी सकाळी तपासतो. म्हणून पुसली नाही. सकाळी पांढरा दगड नव्हता. आम्ही तो ओढ्यातून शोधून आणला होता. सरांनी दोन गुण कापले. हा अन्याय आहे.’

ती हसत होती, तिच्या दृष्टीने ती गंमतच होती. मी कापूस चावत बसलो. एकेक करून कळत गेलं, म्हणजे कळलं असं वाटलं आणि पुन्हा निसटलं. माझा माग दुपारीच लावून झाला होता. त्या झाडापाशी तेव्हा काही नव्हतं. मुलींनी खूण लावली ती त्यानंतर, नेमकी माझ्या वाटेवर. मी तंबूमागच्या चढणीने गेलो म्हणून ती मला दिसली नाही. आणि ती पुसू का असं विचारायला पोर आली तेव्हा मी, रोज सकाळी घसा फोडणारा मी, भांग पाडत होतो आणि राहू दे म्हणालो. मग तू आली असशील. पाचवी चिठ्ठी उचलली असशील, दोन पावलं पुढे गेली असशील, आणि तिथे वाटेत वर्तुळ, मधे पांढरा दगड. मी घरी गेलो. पुढे कुणी नाही.

असं झालं का? की हे मी रचतोय? ठिणगीला मी पुढच्या तपासणीच्या वेळी सगळं सांगितलं नाही, पण एवढं विचारलं की दगड कुठे गेला असेल. ती म्हणाली, शेळ्या यायच्या की तिथे, लाथाडला असेल. मग चिठ्ठ्याही शेळ्यांनीच खाल्ल्या का? पाचच का खाल्ल्या, शेळ्यांनाही पाचवी ओळ बाधली का? मी रात्री हसतो आणि सकाळी तेच वाक्य मला हसण्यासारखं वाटत नाही. कधी वाटतं, सगळा घोटाळा माझ्या एका ‘राहू दे’चा होता, आणि छाती भरून येते. लगेच वर जिन्यात मुलीची पावलं वाजतात. तो दगड तिथे नसता तर ही पावलं नसती, ती पाटी नसती, कव्हरं घालणारी ती बाई माझ्या घरात आली नसती. मग मी हळहळतोय कशासाठी? आणि हळहळत नसेन तर पंधरा दिवस हा कागद का खरडतोय? आपलं एखादं कडवं गळलं होतं असं वाटावं, आणि आता सापडलं तर ते कुठल्या कवितेचं तेच आठवू नये, तसं झालंय. बायको असती तर तिला विचारलं असतं. तिने पाटीवर फुली काढली असती, किंवा बाण. यातलं काय, हेसुद्धा मला आता खात्रीने सांगता येत नाही.

तुझा पत्ता पथकाच्या जुन्या माणसांच्या यादीत मिळाला. पावसाळा संपला की त्याच जागी मेळावा आहे. तुझ्या नावापुढे ‘अजून उत्तर नाही’ असं लिहिलंय. त्यावर मला काही म्हणायचं नाही. ये किंवा येऊ नकोस; गुडघे मला खडकापर्यंत नेणार नाहीत, तुझं तू जाणतेस. पत्र लिहिण्याचं कारण वेगळं आहे आणि ते अगदी साधं आहे. ठिणगीला तिचे दोन गुण हवे आहेत आणि ते द्यायचे की नाहीत हे माझ्या सहीवर आहे. खूण त्या संध्याकाळी अर्धवट होती की पूर्ण, हे ठरल्याशिवाय मी सही करू शकत नाही. तुकडीच्या मुली सोडल्या तर ती पूर्ण पाहिलेलं माणूस जगात असलं तर एकच आहे. म्हणून विचारतो, आणि या वेळी खरंच सरळ विचारतो, कविता नाही. तो पांढरा दगड तू उचललास का? ‘नाही’ असेल तर तेवढंच लिही. मग ती शेळी, आणि पाचवी ओळ खरोखरच वाईट होती, हे मी मान्य करून टाकीन. ‘हो’ असेल तरी तेवढंच लिही. का उचललास ते मी विचारणार नाही. मी वही उघडीन, लाल शाईची बाटली अजून आहे, थोडी घट्ट झालीय, आणि पोरीचे गुण परत देईन. त्यानंतर पाटीवरच्या वर्तुळात ठिपका देता येतो का, ते पाहीन.

तुझाच, निदान या पानापुरता,
कवीसर